पंधरा सेंटीमीटरची ढाल

लिओनिडसचं कोपर मोडलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आवाज अगदी बारीक आला, वाळलेली शेंग फोडावी तसा. माझ्या रूममेटनं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "मोडलंस ना शेवटी?"

मोडलं होतं. माझ्या तेव्हाच्या खोलीच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी किंमत असलेला, तीस सेंटीमीटर उंचीचा, लाल झग्यातला, बोटांचे तीन जोड सुटे मिळणारा स्पार्टाचा राजा माझ्या हातात होता आणि त्याचा डावा हात कोपरापासून वेगळा होऊन टेबलाखाली गेला होता. पहिल्या बोनसमधून घेतलेली वस्तू. त्यात २०२० साली आपल्या सरकारनं खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर नेलं आणि २०२३ साली ७० वर, त्यामुळे परदेशी फिगर मागवणाऱ्याच्या बोनसचं काय होतं ते सांगायला नको. बॉक्सवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं की आतला योद्धा 'ऐतिहासिकदृष्ट्या अचूक' आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हा लेख एका कंपनीबद्दल नाही. मी नंतर दुकानांत, मित्रांच्या कपाटांत आणि अनबॉक्सिंगच्या व्हिडिओंत डझनांनी ग्रीक योद्धे पाहिले. बहुतेकांची चूक एकच आहे आणि ती एकाच दिशेची आहे. नेमकी हीच गोष्ट मला खटकते. शंभर चुका शंभर दिशांना असत्या, तर मी ते अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं.

मी काय करत होतो ते आधी सांगतो. मी त्याच्या हातात ढाल घालत होतो.

ग्रीक पायदळातल्या सैनिकाची, म्हणजे हॉप्लाइटची, मोठी गोल ढाल असते तिला आस्पिस म्हणतात. लाकडाची, बहुतेकदा वरून काशाचा पातळ पत्रा, व्यास सुमारे ९० सेंटीमीटर, वजन सहा-सात किलो. आकार नेमका कसा म्हणाल, तर देवघरातलं ताम्हन आठवा. आत खोलगट, आणि कडेला चारी बाजूंनी सपाट काठ. ही ढाल मुठीत धरत नाहीत. तिच्या आत मधोमध एक पट्टा असतो, पोरपॅक्स, त्यातून हात थेट कोपरापर्यंत आत घालायचा. काठाजवळ एक दोरी किंवा मूठ असते, अँटिलाबे, ती बोटांनी पकडायची. म्हणजे ढालीचा भार मनगटावर न येता सगळ्या हातावर येतो, आणि खोलगटपणामुळे तिचा काठ खांद्यावर टेकवता येतो. हे काही मी कल्पनेनं सांगत नाही. इटलीत वेईजवळ १८८१ साली सापडलेलं, इसवी सनापूर्वी ६५०-६४०च्या सुमाराचं चिजी पात्र आहे, आता रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात ठेवलेलं. त्यावर हॉप्लाइटांच्या रांगा एकमेकांवर चालून जाताना रंगवल्या आहेत. डावीकडच्या सैनिकांच्या ढाली आपल्याला आतून दिसतात, पट्टा आणि मूठ दोन्हींसकट.

माझ्या अचूक लिओनिडसच्या ढालीला मधोमध एक खुंटी होती. ती तळहाताच्या भोकात बसवायची. झालं. म्हणजे हा राजा आपली ढाल छत्रीसारखी धरणार. मी खुंटी कापली, जुन्या घड्याळाचा चामडी पट्टा चिकटवला आणि त्यातून त्याचा हात कोपरापर्यंत घालायला गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन बसलो. रागाच्या भरात माणूस फार चांगलं गणित करतो. फिगर एकास सहा प्रमाणातली होती. ९० भागिले ६ म्हणजे १५ सेंटीमीटर. माझ्या राजाची ढाल साडेदहा भरली, म्हणजे खऱ्या आकारात ६३ सेंटीमीटर. भाल्याचं तर विचारूच नका. ग्रीक भाला, दोरू, दोन ते अडीच मीटरचा. मधला आकडा धरला तरी खेळण्यात तो ३७-३८ सेंटीमीटर हवा, माणसापेक्षा बराच उंच. बॉक्समधला भाला २७ सेंटीमीटर. राजाच्या कपाळाशीही पोचत नव्हता. मग मी बॉक्स मोजला, आणि भाल्याचं कोडं सुटलं. उंची ३४ सेंटीमीटर. खोक्यात मावणार नाही म्हणून स्पार्टाचा भाला कापला! निदान ही चूक प्रामाणिक आहे. दोन तुकड्यांत देता आला असता, पण ठीक आहे.

काही चुका माफच करायला हव्यात. कोरिंथियन शिरस्त्राणाचा पत्रा काही जागी जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. त्याचा सहावा भाग काढला तर तो कागदाच्या जाडीचा होईल, आणि तसा पत्रा कुठलाही कारखाना खेळण्यात वापरू शकत नाही. म्हणून सगळ्या फिगरांची डोकी शिरस्त्राण घातल्यावर भोपळ्यासारखी दिसतात. हा भौतिकशास्त्राचा दोष आहे, कोणाच्या नियतीचा नाही.

पण ढालीचं काय? पंधरा सेंटीमीटरची ताटली बनवायला साडेदहाच्या ताटलीपेक्षा कितीसं जास्त प्लास्टिक लागतं? खोक्यात ती आडवी मावते, मी ठेवून पाहिलं. मग लहान का? पंधराची पुठ्ठ्याची चकती कापून मी राजापुढे धरली आणि कारण समोर आलं, किंवा खरं तर समोरून गेलं. राजा गेला. हनुवटीपासून जवळजवळ गुडघ्यापर्यंत सगळा माणूस झाकला गेला. आठ कप्प्यांचं पोट गेलं, छातीवरची रंगवलेली जखम गेली, ज्या खांद्यांसाठी शिल्पकारानं रात्री जागवल्या असतील ते खांदे गेले. उरलं एक डोकं, दोन पावलं आणि मधे एक मोठं गोल ताम्हन. असं खेळणं कोण घेणार?

म्हणून ढाल लहान. आणि म्हणूनच चिलखत गायब, अंगरखा गायब, कमरेला चामड्याची चड्डी आणि मनगटाला हॉलिवूडची लाडकी चामडी पट्टी. सगळ्या चुका शरीर उघडं करण्याच्या दिशेनं जातात, मी म्हटलं ते हे. अंग झाकणं हेच ज्या वस्तूचं काम, ती वस्तू अंग दाखवण्यासाठी आक्रसून घेतली आहे, आणि वर 'अचूक' असा शिक्का.

याचा उगम कुठे, हे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. फ्रँक मिलरचं '३००' हे कॉमिक १९९८ साली आलं, आणि त्यावरचा झॅक स्नायडरचा चित्रपट २००७ साली जगभर लागला. मी तो शाळेत असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर पाहिला, आणि पुढचे सहा महिने आम्ही एकमेकांना लाथा मारून विहिरीत पाडत होतो. त्याच्याबद्दल मला आजही प्रेम आहे, तेव्हा उगाच तोंड वाकडं करणार नाही. चित्रपटातली ढाल त्यातल्या त्यात बरी आहे. इतकंच काय, तिथला लिओनिडस एफिआल्टीसला सगळं शास्त्र समजावून सांगतो: प्रत्येकाची ढाल डावीकडच्या माणसाला मांडीपासून मानेपर्यंत झाकते, एक ढाल खाली आली की रांग फुटली. अगदी बरोबर. आणि मग लढाई सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोवर हाच माणूस रांग सोडून एकटा पुढे धावतो, स्लो मोशनमध्ये, आणि कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही. खेळणी बनवणाऱ्यांनी चित्रपटातला तो धडा घेतला नाही, ते धावणं घेतलं.

ही ढाल खरं तर अर्धी आपली आणि अर्धी दुसऱ्याची असते. डाव्या हातात कोपरापर्यंत घातल्यावर तिचा निम्मा भाग डावीकडे बाहेर येतो. तो कोणाच्या कामाचा? शेजाऱ्याच्या. आणि तुमची उजवी बाजू, जिथे भाला आहे आणि ढाल नाही, ती उजवीकडच्या माणसाच्या ढालीमागे. थुसिडिडीस इसवी सनापूर्वी ४१८च्या मँटिनीआच्या लढाईबद्दल लिहिताना सांगतो की सगळीच सैन्यं चालताना उजवीकडे सरकत जातात, कारण भीतीपोटी जो तो आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीत जास्तीत जास्त खुपसू पाहतो. मला हे वर्णन कुठल्याही वीरकथेपेक्षा आवडतं. हजारो चिलखतधारी माणसं, लोकलच्या दारात उभी असल्यासारखी, एकमेकांना चिकटून उजवीकडे सरकतायत. रांगा किती घट्ट होत्या यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण ढाल शेजाऱ्यासाठीही होती हे ग्रीकांनीच लिहून ठेवलंय. प्लुटार्कनं स्पार्टाचा राजा डेमारेटस याच्या तोंडी घातलेलं एक उत्तर आहे. ढाल टाकून पळणाऱ्याची बेअब्रू करता, मग शिरस्त्राण किंवा चिलखत टाकणाऱ्याची का नाही, असं त्याला विचारलं गेलं. त्याचं म्हणणं, ती दोन स्वतःसाठी घालतात, ढाल सगळ्या रांगेसाठी.

आता पहिला आक्षेप, जो माझ्या रूममेटनंच घेतला आणि जो खरोखर दमदार आहे. "ग्रीक लोक स्वतःच नागडे योद्धे काढायचे की. मग कंपनीनं काढले तर बिघडलं कुठे?"

काढायचे, हे खरं. फुलदाण्यांवर, शिल्पांत, सगळीकडे. वीराला विवस्त्र दाखवणं हा त्यांचा संकेत होता, लढाईतला फोटो नव्हता. आपल्याकडे देवाला चार हात काढतात म्हणून पुजारी चार हातांचा शोधत नाही कोणी. थर्मोपिलीला १९५५ साली उभारलेला लिओनिडसचा पुतळाही याच संकेतानं उघडा आहे. पण त्या फुलदाण्या नीट बघा. चित्रकार अंगरखा काढतो, पण ढाल लहान करत नाही. अंगावर सूत नाही, आणि हातात खांद्यापासून मांडीपर्यंतचं ताम्हन. कंपनीनं नेमकं उलट केलं. ग्रीकांनी कपडे काढले, यांनी शेजारी काढला.

दुसरा आक्षेप आमच्याच जातीचा, म्हणजे कलेक्टरांचा. आमच्यात अचूकतेचे पोलीस पुष्कळ. ख्रिस्तोफर नोलनच्या 'ओडिसी'तला मॅट डेमनचा पहिला फोटो फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, आणि तुरा लावलेलं ते शिरस्त्राण पाहून मंडळी तुटून पडली: ओडिसियसचा काळ कांस्ययुगाचा, हे शिरस्त्राण तर शेकडो वर्षांनंतरचं! मुद्दा खोटा नाही. 'इलियड'च्या दहाव्या सर्गात ओडिसियसला घालायला मिळतं ते रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. ते होमरच्या काळात कधीच वापरातून गेलेलं होतं, तरी काव्यात टिकलं, आणि पुढे उत्खननात तशीच शिरस्त्राणं हाती आली. डेंड्रा नावाच्या गावी १९६० साली सापडलेलं, इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकातलं चिलखत तर अजूनच भारी आहे. मानेला उंच गोल पट्टी, खांद्यांना पत्र्याचे घुमट, कमरेखाली एकाखाली एक कडी. माणूस त्यात पाण्याच्या पिंपासारखा दिसतो. असलं घालून कोणी लढेल का, हे मिरवायचंच असणार, असं बरेच दिवस मानलं जाई. २०२४ साली एका ग्रीक संशोधक गटानं त्याची प्रतिकृती १३ ग्रीक मरीन सैनिकांना घालायला लावली आणि त्यांच्याकडून ११ तास लढाईच्या हालचाली करून घेतल्या. जमलं. पिंप घालून लढता येतं.

अचूकतेच्या वेडाला मी हसत नाही, हे यासाठी सांगतोय. त्या वेडातून ज्ञान आलेलं आहे. स्कॉट बार्टेल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला अलेक्झांडरचा नाद. पोम्पेईच्या प्रसिद्ध मोझेइकमध्ये अलेक्झांडरनं घातलेलं चिलखत पाहून त्यानं स्वतःसाठी तसं एक बनवलं, आणि ते आपल्या प्राध्यापकाला, ग्रेगरी अल्ड्रीटला दाखवलं. त्यातून वर्षानुवर्षांचं काम उभं राहिलं आणि २०१३ साली लिननच्या कापडाच्या चिलखतावर, लिनोथोरॅक्सवर, अख्खं पुस्तक आलं. कापडाचे थर डिंकानं चिकटवले तर सेंटीमीटरभर जाडीचं चिलखत बाण अडवतं, हे त्यांनी बाण मारून पाहिलं. चिकटवलेला तक्ता कात्रीनं कापेना म्हणून शेवटी विजेची करवत लावावी लागली. त्यांचा डिंक सगळ्यांना पटलेला नाही: असं एकही चिलखत शिल्लक नाही, ग्रीक लेखनात चिकटवण्याचा उल्लेख नाही, काहींच्या मते ते शिवलेलं कापड होतं, काहींच्या मते चामडं. चालू द्या वाद. नादिष्ट मुलानं सुरुवात केली, एवढं मला पुरे.

माझं भांडण अचूकता कुठे मोजायची याच्याशी आहे. तुरा उभा की आडवा, पोटरीच्या पत्र्याला कड आहे की नाही, काशाला पुरेसा जुनाट काळा रंग दिलाय की नाही. (हा जुनाट रंग म्हणजे तर विनोद. काळं-हिरवं कासं हे अडीच हजार वर्षं मातीत राहिल्यावरचं. पायाला तेल चोळायची काशाची वाटी ज्यांनी पाहिलीय त्यांना घासलेल्या काशाचा रंग माहीत आहे. ग्रीक सैन्य उन्हात सोन्यासारखं झळकत असणार. पण सोनेरी फिगर काढली तर आमचेच पोलीस म्हणतील, खेळण्यासारखी दिसते.) एवढं सगळं मोजणारा माणूस ढालीवरच्या उलट्या 'व्ही'पुढे मात्र मान तुकवतो. तो लॅम्डा, लॅकेडेमन म्हणजे स्पार्टाचं आद्याक्षर. टी-शर्टवर, जिमच्या भिंतीवर, सगळीकडे तोच. त्याचा आधार म्हणजे युपोलिस या विनोदी नाटककाराचा एक तुटक उल्लेख, तोही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे थर्मोपिलीनंतरच्या पिढीचा. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये लिओनिडसच्या ढालीवर लॅम्डा होता असा पुरावा नाही. आणि जिमच्या भिंतीवर त्याखाली लिहितात ते 'मोलोन लाबे', 'या आणि घेऊन जा'? ते वाक्य आपल्यापर्यंत पोचवणारा प्लुटार्क घटनेनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी लिहीत होता.

शस्त्रं येऊन घेऊन गेल्याचा पुरावा मात्र आहे. अथेन्सच्या जुन्या अगोरात, स्टोआ ऑफ अॅटालोसमधल्या संग्रहालयात स्पार्टाच्या ढालीचा खरा पत्रा ठेवलाय, चेपलेला, भोकं पडलेला. त्यावर टोचून लिहिलंय की ही अथेन्सच्या लोकांनी पायलसला लॅकेडेमोनियनांकडून घेतली. इसवी सनापूर्वी ४२५ मध्ये तिथे २९२ जण जिवंत शरण आले होते, त्यांतले सुमारे १२० अस्सल स्पार्टन. त्यांनी ढाली खाली ठेवल्या आणि सगळं ग्रीस थक्क झालं. जगातल्या सगळ्यात अचूक स्पार्टन ढालीचं मॉडेल करायचं तर तयार नमुना इथे आहे. मी पाहिलेल्या फिगरांमध्ये तो कोणी केलेला नाही. शरण आलेल्या माणसाची ढाल कोण विकत घेईल?

आणि थेस्पियाईची माणसं? थर्मोपिलीला शेवटच्या दिवशी लिओनिडसनं बाकीच्यांना परत पाठवलं तेव्हा ७०० थेस्पियन आपणहून थांबले, डेमोफिलस नावाच्या त्यांच्या सेनापतीसह, आणि मेले. लहानसं गाव. तीनशेच्या दुपटीहून जास्त माणसं. त्यांच्यासाठी थर्मोपिलीला स्मारक उभं राहिलं १९९७ साली, लिओनिडसच्या पुतळ्यानंतर ४२ वर्षांनी. त्यांची फिगर मला कुठल्याही कपाटात दिसलेली नाही, खरं तर ती बनवायला काहीही नवीन साचा लागत नाही, तोच हॉप्लाइट, फक्त वेगळं नाव.

त्याहून खाली आणखी एक जण आहे. हिरोडोटस सांगतो, युरिटस नावाचा स्पार्टन डोळ्यांच्या आजारानं छावणीतून मागे पाठवलेला होता. शत्रू डोंगराला वळसा घालून आल्याचं कळल्यावर त्यानं आपलं चिलखत मागवलं, अंगावर चढवलं, आणि आपल्या हेलटला, म्हणजे गुलामाला, मला लढाईपर्यंत ने असं सांगितलं. दिसत नव्हतं त्याला. हेलटानं नेलं, गर्दीच्या तोंडाशी सोडलं आणि तो पळाला. युरिटस आत घुसला आणि मेला. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला युरिटस दिसला. आता दिसतो तो दुसरा. ते चिलखत आणून दिलं कोणी, बंद बांधले कोणी, ढाल वाहून आणली कोणी? लढाईनंतर प्रेतं पाहायला आलेल्यांना त्यांत हेलटही दिसले, हेही हिरोडोटसच लिहितो. पुढच्या वर्षीच्या प्लॅटीआच्या लढाईत तर प्रत्येक स्पार्टनामागे सात हेलट होते असा त्याचा हिशोब आहे. सात! बॉक्समध्ये सुटे हात मिळतात, सुटी डोकी मिळतात, रक्ताळलेली आणि स्वच्छ अशा दोन तलवारी मिळतात. माणूस एकच.

रिव्हेट मोजणाऱ्यांना माझं विचारणं आहे की एकास आठ या प्रमाणातली ही चूक तुमच्या मोजपट्टीत कशी येत नाही?

कोपर मोडल्यावर मी पुण्यातल्या तांबट आळीत गेलो. लहानपणी आजीबरोबर बंब दुरुस्तीला गेलो होतो, त्यानंतर पहिल्यांदाच. ठोक्यांचा आवाज तसाच. मला पंधरा सेंटीमीटरचं ताम्हन हवं होतं, सपाट काठाचं, पण मोबाइलमध्ये कोरिंथियन शिरस्त्राणाचा फोटो होता तोही दाखवला. एकाच पत्र्यातून ठोकून काढलंय म्हटल्यावर काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि नाकाची पट्टी बघत राहिले.

"सारखा तापवत, सारखा ठोकत आणला असणार. घाई केली तर इथं तडकणार," ते नाक आणि गाल जिथे मिळतात तिथे बोट ठेवत म्हणाले. "हात चांगलाय." अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला मिळालेली ही दाद मला फार आवडली. मग त्यांनी फोटो फिरवायला सांगितला. "कान कुठंयत?"

नाहीत, म्हटलं. कोरिंथियनला कानाला भोक नसतं.

"मग ह्याला हाक मारली तर ऐकू जाणार कसं?"

उजवीकडचा माणूस नीट दिसणार नाही, मागून ओरडलेलं नीट कळणार नाही, ढाल अर्धी दुसऱ्याच्या अंगावर. हे शिरस्त्राण घालून एकटं फिरणं म्हणजे हेल्मेटची काच काळी करून लक्ष्मी रोडवर बाइक घालण्यासारखं. खेळण्यांच्या जाहिरातींत तो नेहमी एकटाच कड्यावर उभा असतो.

आता शेवटचा आक्षेप, जो सगळेच घेतात: खेळणं आहे, सोड ना. हे मला खरंच मान्य आहे. दिवाळीत आम्ही मातीचा किल्ला करायचो. त्यावर गुडघ्याएवढ्या बुरुजावर बुरुजाहून मोठे महाराज, दाराशी मावळ्याच्या दुप्पट वाघ, पायथ्याशी प्लास्टिकचा हिरवा कमांडो मशीनगन घेऊन, आणि विहिरीवर गवळण. कोणाला काही वाटलं नाही, मला आजही वाटत नाही. कारण त्या किल्ल्यावर 'ऐतिहासिकदृष्ट्या अचूक' अशी सोनेरी पाटी नव्हती, आणि ती पाटी दाखवून कोणी माझ्याकडून दोन महिन्यांचं भाडं घेतलं नव्हतं. शिवाय किल्ल्यावर मावळे पुष्कळ असायचे. एकटे महाराज ठेवून किल्ला पूर्ण झाला असं आमच्या वाड्यातलं कुठलंही पोर म्हणालं नसतं.

आणि खेळणं म्हणूनच बोलायचं, तर खुद्द स्पार्टाच्या लोकांनी बनवलेल्या फिगरा आपल्याकडे आहेत. अक्षरशः. १९०६ ते १९१० या काळात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी स्पार्टात आर्टेमिस ऑर्थियाचं देवस्थान खणलं, तिथे शिशाच्या लाखभराहून जास्त बारक्या आकृत्या मिळाल्या, भाविकांनी वाहिलेल्या. साच्यात ओतलेल्या, चपट्या, बोटाच्या एक-दोन पेरांएवढ्या, स्वस्त. त्यांत हॉप्लाइट पुष्कळ. त्यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी हसलो. वर शिरस्त्राणाचा तुरा, खाली दोन काटक्यांसारखे पाय, आणि मधे सगळी ढालच ढाल. पोट नाही, छाती नाही, खांदे नाहीत. ढालींवर नक्षी तऱ्हेतऱ्हेची, फुलं, चक्रं, किरणं. ज्यांनी ती ढाल स्वतः वाहिली, किंवा वाहणाऱ्यांच्या शेजारी राहिले, त्यांना सैनिक लहान करताना काय लहान करायचं आणि काय नाही, हे बरोबर कळत होतं. आणि त्या आकृत्या मिळाल्या त्या हजारोंनी.

काकांनी ताम्हन करून दिलं. तांब्याचं आहे, काशाचं नाही, हे मी आधीच कबूल करतो, पोलिसांनी फोन करू नये. आत पट्टा आणि काठाला सुतळीची मूठ. कोपर तारेनं जोडलं, आता ते वाकत नाही, पण ढालीत घातल्यावर वाकायची गरजही नाही. भाल्यासाठी ३८ सेंटीमीटरची बांबूची काडी. राजा कपाटात उभा आहे आणि समोरून पाहिलं तर त्याचं फक्त डोकं आणि पाय दिसतात. रूममेट म्हणतो पैसे वाया गेले, आता तो दिसतच नाही.

ताम्हनाचा निम्मा भाग त्याच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागेवर येतो. तिथे उभं करायला मी एक जुनी, हात तुटलेली, बिनकपड्यांची फिगर तीनशे रुपयांत उचलली आहे. एकास सहाच प्रमाणातली, मूळची कुठल्याशा पोलीस अधिकाऱ्याची. मिशा खरवडून काढल्या, अंगरखा जुन्या धोतराच्या तुकड्याचा शिवतोय. हा थेस्पियाईचा. त्याच्यासाठी दुसरं ताम्हन सांगितलंय, काका म्हणाले गुरुवारी या.